पडताळा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर पंधरा मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोल. मोबाइल सुरक्षित कसा ठेवावा, असं काहीतरी." मी हो म्हटलं आणि विषय बदलला. तेव्हा उपयोगाचं आधी सांगून टाकते: मुलांच्या वाढदिवसाचा पासवर्ड ठेवू नका आणि आलेला ओटीपी कोणाला सांगू नका. उपयोगाचं संपलं. आता उरलेली चौदा मिनिटं मी एका पूर्ण निरुपयोगी गोष्टीवर बोलणार आहे.

आठवी-नववीत गणिताच्या बाई उदाहरण सुटल्यावर 'पडताळा' लिहायला लावायच्या. उत्तर बरोबर असलं तरी पडताळा नसेल तर अर्धा गुण जायचा. माझे असे किती अर्धे गुण गेले, त्याची बेरीज केली तर एखादी सहामाही पास होईल. आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, तिच्यात उत्तर आणि पडताळा वेगळे नसतात. ती गोष्ट म्हणजे स्वतःलाच छापणारा प्रोग्रॅम.

प्रोग्रॅम म्हणजे काय, तर संगणकाला दिलेल्या सूचनांचा एक मजकूर. 'ही बेरीज कर', 'हे नाव छाप' अशा सूचना. आता कोडं असं: असा प्रोग्रॅम लिहा, की तो चालवल्यावर पडद्यावर त्याचाच मजकूर उमटेल, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. ना एक अक्षर कमी, ना एक जास्त. अट एकच. त्याने स्वतःची फाइल उघडून बघायची नाही. बाहेरून काहीही आत घ्यायचं नाही. ही अट लक्षात ठेवा, मी शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

पहिल्यांदा वाटतं, यात काय अवघड? 'छाप' अशी सूचना द्यायची आणि पुढे मजकूर लिहायचा. पण मग ती 'छाप' ही सूचनासुद्धा छापली पाहिजे. म्हणून लिहायचं, 'छाप: छाप'. आता बाहेरचा 'छाप' राहिला. 'छाप: छाप: छाप'. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे लावलेले असतात आणि खुर्चीतला माणूस आत-आत जात राहतो, तसं हे संपतच नाही.

यातून सुटायची युक्ती मराठीतच दाखवते. मी आता फळ्यावर एक ओळ लिहिली आहे, ती बघा:

पुढचा मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत: "पुढचा मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत:"

आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं हे करून बघा. अवतरणचिन्हांतला मजकूर एकदा नुसता लिहा. मग तोच पुन्हा, पण चिन्हांसकट. वहीत काय उतरलं? फळ्यावर आहे तेच, जसंच्या तसं. मी कुठेही 'फळा बघून उतरवा' म्हटलेलं नाही. ती ओळ पाळली की ती ओळच तयार होते.

यातली मेख अशी, की एकच मजकूर दोन वेळा, दोन तऱ्हांनी वापरला आहे. एकदा आज्ञा म्हणून, जी समजून घेऊन पाळायची. एकदा नुसती अक्षरं म्हणून, जी न समजता उतरवायची. एकाला समज लागते, दुसऱ्याला घोकंपट्टी. आपल्या शाळेला 'पाठांतरवाली शाळा' म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं. नुसत्या समजेवर हा प्रोग्रॅम होत नाही आणि नुसत्या घोकंपट्टीवरही होत नाही.

जीवशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४८ मध्ये एका व्याख्यानात असा विचार मांडला, की स्वतःसारखं दुसरं यंत्र बनवणाऱ्या यंत्राजवळ स्वतःचं वर्णन असलं पाहिजे आणि ते वर्णन दोनदा वापरलं पाहिजे: एकदा वाचून त्याप्रमाणे यंत्र बांधायला, एकदा न वाचता पुढच्या यंत्रासाठी नक्कल करायला. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली १९५३ मध्ये. आपल्या पेशीत तो डीएनए नेमक्या याच दोन तऱ्हांनी वापरला जातो. एकदा प्रथिनं बनवण्याची सूचना म्हणून, एकदा पेशी दुभंगताना नुसती अक्षरं उतरवायची म्हणून.

अशा प्रोग्रॅमला 'क्वाइन' म्हणतात. विलार्ड क्वाइन नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होते. त्यांनी स्वतःबद्दल बोलणाऱ्या वाक्यांचा अभ्यास केला होता. डग्लस हॉफस्टॅडर यांनी १९७९ मध्ये आपल्या पुस्तकात त्यांचं नाव या प्रकाराला दिलं. असा प्रोग्रॅम कुठल्याही सर्वसाधारण संगणकभाषेत लिहिता येतोच, हे स्टीफन क्लीन यांच्या १९३८ मधल्या एका प्रमेयातून निघतं. म्हणजे तशा भाषा अस्तित्वात यायच्या आधीच ते ठरलेलं होतं.

या खेळात चलाखही असतात. सी भाषेत मुद्दाम दुर्बोध प्रोग्रॅम लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. १९९४ मध्ये एकाने तिथे रिकामी फाइल पाठवली. शून्य अक्षरं. चालवली की काहीच छापत नाही, म्हणजे स्वतःलाच छापते! परीक्षकांनी तिला 'नियमांचा सर्वांत मोठा गैरवापर' असं बक्षीस दिलं. मागच्या बाकांवरच्यांनो, कोऱ्या उत्तरपत्रिकेला बक्षीस मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण मला माहीत आहे.

आता पुढची पायरी. माझा खरा जीव जडला तो इथे. एकाऐवजी अनेक भाषा.

याचे दोन प्रकार. पहिला असा, की एकच मजकूर दोन-तीन संगणकभाषांत चालला पाहिजे आणि प्रत्येक भाषेत त्याने स्वतःलाच छापलं पाहिजे. हे कसं शक्य आहे? समजा मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: 'शिक्षा ही चेष्टा'. आपण मराठीत वाचलं तर, शिक्षा म्हणजे नुसती थट्टा. तेच हिंदीच्या सरांनी हिंदी म्हणून वाचलं तर, शिक्षण हाच प्रयत्न. अक्षरं तीच, भाषा वेगळी, अर्थ दुसरा. क्रियापद गाळलंय, सर, तेवढी सवलत द्या.

संगणकभाषांतही अशा जागा असतात. पायथन या भाषेत ओळ हॅशच्या चिन्हाने सुरू झाली, की ती माणसासाठी लिहिलेली टीप समजून संगणक सोडून देतो. सी भाषेत मात्र हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे महत्त्वाचा हुकूम, उदाहरणार्थ 'इथून तिथपर्यंतचा भाग वगळ'. मग पायथनचा मजकूर त्या दोन हॅशच्या ओळींमध्ये ठेवायचा. सी तो भाग वगळतं. पायथनला वगळण्याचा हुकूम दिसतच नाही, तो नेमका तोच भाग वाचतो. एकाच घरात दोन भाडेकरू, आणि एकमेकांना पत्ता नाही.

दुसरा प्रकार साखळीचा. लहानपणी आपण ओळीत बसून कानगोष्टी खेळायचो. एकाने दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगायचं, त्याने तिसऱ्याच्या, आणि शेवटचा मोठ्याने सांगायचा तेव्हा भलतंच निघायचं. आता कल्पना करा, प्रत्येक मूल वेगळ्या भाषेचं आहे, प्रत्येकजण पुढच्याला त्याच्या भाषेत सांगतो आहे, आणि तरीही फिरून पहिल्याकडे येताना मूळ वाक्य अक्षरशः तेच आलं पाहिजे. युसुके एन्दो या जपानी प्रोग्रॅमरने ही साखळी १२८ भाषांची केली आहे. २०१३ मध्ये सुरुवात केली तेव्हा ५० होत्या. रूबी भाषेतला प्रोग्रॅम रस्टमधला प्रोग्रॅम छापतो, तो स्कालातला, असं करत शेवटचा, रेक्स भाषेतला, प्रोग्रॅम पुन्हा पहिला रूबी प्रोग्रॅम छापतो. १२८ मुलांच्या कानगोष्टी, आणि एका मात्रेचा फरक नाही.

यात खरा छळ असतो तो अवतरणचिन्हांचा. चिन्हाच्या आत चिन्ह लिहायचं तर त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. हाच मजकूर आणखी एका भाषेच्या चिन्हांत गुंडाळला, की त्या रेघेलाही रेघ लागते. एका रेघेच्या दोन, दोनच्या चार, चारच्या आठ. दहा वेळा गुंडाळलं तर एका रेघेच्या १०२४. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. त्यावर जुना उपाय असा, की चिन्ह लिहायचंच नाही, 'क्रमांक ३४ चं अक्षर छाप' म्हणायचं. अवतरणचिन्हाचा क्रमांक ३४, नवीन ओळीचा १०. सनावळी मी विसरले असेन, पण हे दोन आकडे मला झोपेत विचारा.

कारण मीही अशी एक साखळी केली. एन्दोंच्या मानाने ती अगदीच पोरखेळ होती, तीनच भाषांची. पायथनने जावातला प्रोग्रॅम छापायचा, जावाने सीमधला, सीने पुन्हा पायथनचा. त्या काळात माझ्याकडे वेळ बराच होता. का, ते सांगतेच.

सहा आठवड्यांनी साखळी पूर्ण झाली. पडद्यावर मूळ पायथनची फाइल आणि फिरून आलेली फाइल शेजारी शेजारी ठेवल्या. डोळ्यांना काहीच फरक दिसेना. दोन फाइली ताडून बघणारा प्रोग्रॅम मात्र म्हणाला, फरक आहे, अगदी शेवटी, एका अक्षराचा. मी तीन दिवस शोधलं. तीन प्रोग्रॅमपैकी कोण एक अक्षर गिळतंय? शेवटी एक अक्षर जास्त छापून ठिगळ लावता आलं असतं. पण का गळतंय, ते कळल्याशिवाय ठिगळ लावायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी आपल्यातलाच एकजण घरी आला. त्याचा गावात छापखाना आहे. कागद घ्यायला पुण्याला आला होता. नाव सांगू नकोस म्हणालाय, पण तुमच्या हातातली ही स्मरणिका त्याच्याच यंत्रावर निघते आहे, आता शोधा. चहा घेताना मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याला संगणकभाषा येत नाही. तो म्हणाला, "तू निघालेलं मुळाशी ताडून बघतेयस. मूळ बरोबर आहे, हे कुणी बघितलं? आमच्याकडे मजकूर बरोबर असतो, प्लेट बरोबर असते, तरी प्रत्येक कागदावर ठिपका येतो. ब्लँकेटवर कण चिकटलेला असतो."

मी मूळ फाइल अक्षरांचे क्रमांक दाखवून उघडली. शेवटी १० बसला होता. मी तो लिहिलाच नव्हता. मी ज्या एडिटरमध्ये टंकत होते, तो फाइल जतन करताना शेवटी आपणहून एक नवी ओळ घालत होता, मदत म्हणून. कोणताही प्रोग्रॅम काही गिळत नव्हता. चूक मजकुरात नव्हती, ज्या हत्याराने मजकूर लिहिला त्यात होती. एकोणीस वर्षं हे काम केलेल्या बाईला हे पहिल्या तासाला सुचायला हवं होतं. ती सेटिंग बंद केली, साखळी पुन्हा फिरवली. फरक शून्य. आम्ही दोघांनी पुन्हा एकदा चहा केला.

ही गोष्ट नवी नाही. युनिक्स ही प्रणाली घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्प्सन यांना डेनिस रिची यांच्याबरोबर १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्या निमित्ताने केलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणाची सुरुवात त्यांनी स्वतःला छापणाऱ्या प्रोग्रॅमपासूनच केली आणि शेवट भलत्याच ठिकाणी नेला. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा एक दुभाषा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. थॉम्प्सन यांनी दाखवलं, की या दुभाष्यातच चोरकप्पा ठेवता येतो. प्रवेशाचा प्रोग्रॅम आला, की तो गुपचूप एक जादा पासवर्ड चालवून घेईल. आणि दुभाष्याची नवी आवृत्ती बनवायला घेतली, की तो तिच्यातही तोच चोरकप्पा पुन्हा घालेल, क्वाइनच्या युक्तीने. मग मूळ मजकुरातून चोरीच्या सगळ्या ओळी पुसून टाका. मजकूर स्वच्छ, चोरी चालूच. कितीही वेळा वाचा, सापडणार नाही.

यावर उतारा काय? डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये एक पद्धत तपशिलात मांडली. तिचा गाभा आपल्या शाळेला ठाऊक आहे. दुसरा, वेगळ्याच ठिकाणी तयार झालेला दुभाषा आणायचा, त्याच्याकडूनही तोच मजकूर नेऊन बघायचा आणि शेवटी दोघांकडून निघालेलं अक्षर न् अक्षर ताडायचं. आठवतं का? शुद्धलेखन झालं, की मराठीच्या बाई म्हणायच्या, "वह्यांची अदलाबदल करा." स्वतःची वही स्वतः तपासायची नाही. कारण जी चूक आपण लिहिताना केली, तीच आपण वाचताना करणार.

आता ते राहिलेलं सांगते.

माझ्याकडे वेळ होता, कारण माझी नोकरी गेली होती. एका मंगळवारी सकाळी बारा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि एकोणीस वर्षं संपली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आता प्रोग्रॅम यंत्रंच लिहितील, लोक कमी लागतील, असा सूर होता. घरी नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. बाकी कोणालाच नाही. आईलासुद्धा नाही. आपल्या ग्रुपवर तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, "काय मंडळी, सध्या काय चाललंय?" मी मागच्या दिवाळीचा माझाच मेसेज शोधला, कॉपी केला आणि टाकला: "मजेत! तीच नोकरी, तीच धावपळ." तुमच्यापैकी अकरा जणांनी त्याला अंगठा दिला होता.

आठ महिने मी हेच केलं. आणि दिवसभर ते कोडं सोडवत बसायचे. लोक विचारतात, एवढं निरुपयोगी काम का केलंस? खरं उत्तर असं, की मला काहीतरी येतं हे बघायचं होतं, आणि ते कोणाला न विचारता बघायचं होतं. या कोड्याला परीक्षक लागत नाही. जुळलं तर जुळलं.

छापखानेवाल्याला त्या दिवशी दुसऱ्या चहाला मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग ग्रुपवर मजेत कोण आहे?"

तेव्हा मला सुरुवातीची ती अट आठवली. स्वतःला छापणारा प्रोग्रॅम बाहेरून काहीही आत घेत नाही. तो अचूक असतो, त्याचा पडताळा दरवेळी बरोबर येतो, आणि तो दुसरं काहीच करत नाही. मी आठ महिने तसाच एक प्रोग्रॅम झाले होते. विचारलं की मागचंच उत्तर, जसंच्या तसं. माझी वही मीच तपासत होते आणि मलाच दहापैकी दहा देत होते. यंत्रात चिकटलेला कण दिसायला दुसरं माणूस लागलं, तेही माझं काम अजिबात न कळणारं.

पुढचं थोडक्यात. तो गेल्यावर आईला फोन केला. तिला तीन महिने आधीच संशय होता. मग आपल्यातल्याच दोघींना सांगितलं. त्यांच्यापैकी एकीच्या ओळखीतून पाच महिन्यांनी काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे आणि टीममधली मुलं माझ्या मुलीपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी आहेत. यंत्राने लिहिलेले प्रोग्रॅम तपासणं हाच आता माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणजे बाई, शेवटी मी पडताळाच करते आहे, आणि त्याचाच पगार घेते आहे.

आज सकाळपासून मी या सभागृहात फिरते आहे. मी सत्तावीस जणांना विचारलं, "कसा आहेस, कशी आहेस?" सत्तावीस जण म्हणाले, "मजेत." असाल. खरंच असाल. पण जेवणाच्या वेळी कोणा एकाशी वही बदलून बघा. सगळ्या ग्रुपसमोर नको, व्यासपीठावर तर मुळीच नको. शाळेतही आपण शेजारच्याशीच बदलायचो.

सर, बाई, तुम्ही आम्हाला जे दिलंत ते आम्ही अर्धं समजून घेतलं आणि अर्धं न समजता उतरवलं. न समजता उतरवलेलंही कधीतरी उपयोगी पडतं, एवढं आज कळलं आहे.

आणि गणिताच्या बाई, इतक्या वर्षांनी का होईना, पडताळा लिहून दाखवला आहे. तो अर्धा गुण देता का?